गर्भातच वाढ खुंटलेली वराह पिल्ले : रोगप्रतिकारशक्ती कमी का असते आणि व्यवस्थापन कसे करावे

एकाच वेताच्या दहा-बारा पिल्लांत एक-दोन पिल्ले अगदी लहान, डोके मोठे आणि अंग बारीक अशी जन्मतात. ती उशिरा उठतात, सडापर्यंत उशिरा पोहोचतात. पहिल्या तीन-चार दिवसांत मेली नाहीत, तर पुढे हगवण आणि खोकल्याला तीच आधी बळी पडतात. बरेच वराहपालक अशा पिल्लाला ‘मरतुकडे’ म्हणून सोडून देतात. काही जण उलट सगळी ताकद त्याच्यावरच लावतात आणि बाकीच्या पिल्लांकडे दुर्लक्ष होते. या पिल्लांची वाढ गर्भात का खुंटते, त्यांची रोगप्रतिकारशक्ती नेमकी कुठे कमी पडते, आणि कोणत्या वेळी केलेली मदत उपयोगी पडते, याची माहिती या लेखात दिली आहे.

गर्भात वाढ खुंटणे म्हणजे काय?

मादी वराहाचा गाभणकाळ सुमारे ११४ दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस असतो. या काळात गर्भाला त्याच्या क्षमतेइतके पोषण आणि प्राणवायू मिळाला नाही, तर त्याची वाढ मागे पडते. याला ‘गर्भाशयातील खुंटलेली वाढ’ म्हणतात. पाळीव जनावरांमध्ये हा प्रकार वराहात सर्वांत जास्त दिसतो. मोठ्या वेतांच्या जातींत साधारण १५ ते २० टक्के पिल्ले १.१ किलोपेक्षा कमी वजनाची जन्मतात.

येथे एक फरक नीट समजून घ्या. लहान पिल्लू आणि वाढ खुंटलेले पिल्लू एकच नव्हे. गोव्यातील अगोंदा गोवनसारख्या देशी जातीचे पिल्लू मुळातच लहान असते. ते एक किलोपेक्षा कमी वजनाचे असूनही चपळ आणि प्रमाणबद्ध असू शकते. लार्ज व्हाइट यॉर्कशायरच्या वेतात मात्र तेवढ्याच वजनाचे पिल्लू चिंतेचे ठरते. म्हणून वजन नेहमी त्याच वेताच्या सरासरीशी ताडून पाहावे. बाकीची पिल्ले १.३ ते १.५ किलोची असताना दोन पिल्ले ७००-८०० ग्रॅमची निघाली, तर ती वाढ खुंटलेली असण्याची शक्यता मोठी.

वाढ का खुंटते?

१. गर्भाशयातील गर्दी : मादी एका माजात जितकी बीजे सोडते, तितक्या सगळ्या गर्भांना पुरेल एवढी जागा गर्भाशयात नसते. साधारण ३०-३५ व्या दिवसानंतर ही गर्दी जाणवू लागते. ज्या गर्भाला वारेसाठी कमी जागा मिळते, त्याला रक्तपुरवठाही कमी मिळतो. गर्भाच्या वजनातील बहुतेक वाढ शेवटच्या ४५ दिवसांत होते. त्यामुळे सुरुवातीला लहान राहिलेली वार नेमकी याच काळात कमी पडते.

२. जास्त पिल्ले देण्यासाठी केलेली निवड : डेन्मार्कसारख्या देशात निवड पद्धतीने एका वेतातील जिवंत पिल्लांची सरासरी १७ च्या वर गेली. पिल्लांची संख्या वाढली तशी लहान आणि असमान पिल्लांची संख्याही वाढली. आपल्याकडे इतकी मोठी वेते क्वचितच दिसतात. तरी चांगल्या यॉर्कशायर किंवा घुंगरू रक्ताच्या संकरित मादीला बारा-चौदा पिल्ले झाली की हाच प्रश्न उभा राहतो.

३. मादीचे पोषण : फक्त हॉटेलच्या उरलेल्या अन्नावर किंवा कोंड्यावर ठेवलेल्या मादीला पोटभर खाऊनही प्रथिने, लायसिनसारखी अमिनो आम्ले आणि खनिजे पुरेशी मिळत नाहीत. बुरशी लागलेल्या मक्यातील विषारी घटकही गर्भाला बाधतात.

४. उष्णतेचा ताण : वराहाला घाम जवळजवळ येत नाही. विदर्भ, मराठवाड्यातील एप्रिल-मेच्या उन्हात मादीचे रक्त शरीर थंड करण्यासाठी कातडीकडे वळते आणि गर्भाशयाकडचा पुरवठा कमी होतो. मादी खाणेही कमी करते.

५. मादीचे वय : पहिलारू मादी कमी वयात भरवली, तर तिची स्वतःची वाढ आणि गर्भाची वाढ यांच्यात अन्नासाठी ओढाताण होते. फार जास्त वेते झालेल्या मादीच्या पिल्लांतही वजनाची तफावत वाढते.

६. आजार : पार्व्होव्हायरस, पीआरआरएस, क्लासिकल स्वाइन फीवर हे विषाणू वारेतून गर्भापर्यंत जाऊ शकतात. ही बाब पुढे स्वतंत्रपणे दिली आहे.

पिल्लू कसे ओळखावे?

गर्भाला पोषण कमी मिळू लागले की शरीर उपलब्ध रक्त आधी मेंदूकडे वळवते. मेंदूची वाढ बरीचशी टिकते, पण यकृत, आतडी, स्नायू आणि रोगप्रतिकाराचे अवयव मागे पडतात. म्हणूनच अशा पिल्लाचे डोके अंगाच्या मानाने मोठे दिसते. डेन्मार्कमधील संशोधकांनी डोक्याच्या ठेवणीवरून ओळखण्याची सोपी पद्धत रूढ केली. काटा हाताशी नसला तरी ती वापरता येते. पुढील लक्षणे पाहा :

- कपाळ उंच आणि फुगीर, डॉल्फिनसारखे
- डोळे बाहेर आल्यासारखे
- तोंडाच्या कडेला उभ्या सुरकुत्या
- अंगावरचे केस एका दिशेने न बसता विस्कटलेले

यांपैकी एखादे लक्षण असेल तर सौम्य, दोन-तीन एकत्र असतील तर तीव्र समजावे. मात्र पिल्लू जन्मल्याबरोबर, ओले असताना सगळीच पिल्ले थोडी सारखी दिसतात. अंग पुसून कोरडे केल्यावरच ठरवा.

रोगप्रतिकारशक्ती कुठे कमी पडते?

*वारेतून प्रतिपिंडे येत नाहीत*

माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे गर्भातच मिळतात. वराहाची वार वेगळ्या रचनेची असते. तिच्यात आईचे रक्त आणि पिल्लाचे रक्त यांच्यामध्ये पेशींचे सहा थर असतात. एवढ्या थरांतून प्रतिपिंडे पार होत नाहीत. म्हणून प्रत्येक पिल्लू, सशक्त असो वा अशक्त, जवळपास प्रतिपिंडांशिवाय जन्मते. त्याची सगळी भिस्त चिकावर असते. त्यात वाढ खुंटलेले पिल्लू चिकापर्यंतच उशिरा पोहोचते.

*अंगात साठा नसतो*

नवजात पिल्लाच्या अंगावर चरबी अत्यल्प असते. ऊब निर्माण करणारी तपकिरी चरबी त्याच्यात नसते. यकृत आणि स्नायूंतील ग्लायकोजेन हाच त्याचा सुरुवातीचा इंधनसाठा, आणि तो पहिल्या दिवसातच संपत येतो. वाढ खुंटलेल्या पिल्लाचे यकृत आणि स्नायू लहान, म्हणून साठाही कमी. वजनाच्या मानाने कातडीचा पृष्ठभाग जास्त, म्हणून ऊब लवकर निघून जाते. गारठलेले पिल्लू सुस्त होते, सड नीट ओढत नाही. चीक कमी मिळाला की आणखी गारठते. बहुतेक पिल्ले याच चक्रात दगावतात.

*रोगप्रतिकाराचे अवयव लहान राहतात*

थायमस ग्रंथी, प्लीहा आणि लसिका गाठी येथे रोगाशी लढणाऱ्या पेशी तयार होतात आणि तयारीत ठेवल्या जातात. वाढ खुंटलेल्या पिल्लांत थायमस आणि प्लीहा लहान, रक्तातील पांढऱ्या पेशींचा प्रतिसाद मंद, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे आईकडून मिळणारी शिदोरी कमी आणि स्वतःची फौजही उशिरा उभी राहणारी, अशी दुहेरी अडचण असते.

*आतड्याची भिंत कमकुवत असते*

शरीरातील रोगप्रतिकारक पेशींचा मोठा भाग आतड्याच्या भिंतीत असतो. वाढ खुंटलेल्या पिल्लाचे आतडे आखूड आणि पातळ असते. आतील बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे बुटके असतात. त्यामुळे अन्न कमी शोषले जाते आणि जंतूंना भिंत ओलांडणे सोपे जाते. आतड्यात वस्ती करणाऱ्या उपयुक्त जिवाणूंचा समतोलही लवकर बिघडतो. दूध तोडल्यावर याच पिल्लांना हगवण जास्त का लागते, याचे मूळ येथे आहे.

चिकाचे गणित समजून घ्या

पिल्लू जगण्यासाठी पहिल्या २४ तासांत किमान २०० ग्रॅम चीक पोटात जायला हवा. निरोगी वाढीसाठी २५० ग्रॅम लागतो. मादी एकूण किती चीक देते हे पिल्लांच्या संख्येवर ठरत नाही. पिल्ले वाढली म्हणून चीक वाढत नाही, तो फक्त जास्त तोंडांत वाटला जातो.

समजा तुमच्या मादीला ३.५ किलो चीक आहे :

- १० पिल्ले असल्यास प्रत्येकी सरासरी ३५० ग्रॅम
- १४ पिल्ले असल्यास प्रत्येकी २५० ग्रॅम
- १६ पिल्ले असल्यास प्रत्येकी सुमारे २२० ग्रॅम

ही फक्त सरासरी आहे. प्रत्यक्षात दीड किलोचे पिल्लू पुढचा चांगला सड धरून भरपूर पिते आणि ८०० ग्रॅमच्या पिल्लाच्या वाट्याला शंभर ग्रॅमही येत नाही. म्हणून दहा पिल्लांच्या वेतातही अशक्त पिल्लू उपाशी राहू शकते.

वेळेचेही बंधन आहे. पहिले पिल्लू जन्मल्यापासून चिकातील प्रतिपिंडे झपाट्याने कमी होतात, साधारण १२ तासांत निम्म्यावर येतात. दुसरीकडे पिल्लाचे आतडे ही मोठी प्रथिने जशीच्या तशी रक्तात घेण्याचे काम २४ ते ३६ तासांत बंद करते. म्हणून पहिल्या सहा तासांतल्या चिकाची सर दुसऱ्या दिवसाच्या दुधाला येत नाही. दूध त्यानंतरही आतड्याला आतून संरक्षण देते, पण रक्तातील प्रतिपिंडांची उणीव भरून निघत नाही.

पहिले २४ तास : काय करावे?

प्रसूतीच्या वेळी माणूस हजर असणे हाच सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. भरवल्याची तारीख लिहून ठेवली असेल, तर ११२ व्या दिवसापासून लक्ष ठेवता येते.

१. पिल्लू बाहेर येताच नाक-तोंडातील चिकटा काढावा, कोरड्या कापडाने अंग चोळून पुसावे. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे.

२. पिल्लांच्या कोपऱ्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवावे. त्यासाठी इन्फ्रारेड बल्ब आणि खाली कोरडे गोणपाट किंवा भुसा वापरावा. मादीला मात्र १८ ते २२ अंशांचाच गारवा सोसतो. म्हणून संपूर्ण खोली तापवू नये, फक्त पिल्लांचा कोपरा तापवावा. पिल्ले एकमेकांवर ढीग करून झोपत असतील तर ऊब कमी आहे, बल्बपासून दूर पळत असतील तर जास्त आहे.

३. अशक्त पिल्लू आधी गरम करावे, मग सडाला लावावे. गारठलेल्या पिल्लाला चीक पाजला तरी ते गिळत नाही, आणि चीक श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

४. आळीपाळीने पाजावे. जी सशक्त पिल्ले आधी जन्मली आणि भरपूर प्यायली, त्यांच्या पाठीवर मार्करने खूण करावी. त्यांना उबदार खोक्यात एक ते दीड तास वेगळे ठेवावे. तेवढ्या वेळात लहान पिल्लांना पुढच्या सडांवर मोकळेपणाने पिऊ द्यावे. पहिल्या दिवसात असे किमान दोनदा करावे. याला खर्च काही नाही, फक्त वेळ द्यावा लागतो.

५. जे पिल्लू ओढतच नाही, त्याच्यासाठी चीक हाताने काढावा. प्रसूती चालू असताना चीक सहज उतरतो. पिल्लू गिळत असेल तर सुई नसलेल्या सिरिंजने तोंडाच्या कडेने थोडा-थोडा, एका वेळी १० ते १५ मिलि पाजावा. दिवसातून तीन-चार वेळा द्यावा. नळीने थेट पोटात देण्याची पद्धत पशुवैद्यकाकडून शिकल्याशिवाय करू नये.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. १५ मिलि चार वेळा दिले तरी ६० मिलि होतात. २०० ग्रॅमची गरज त्यातून भागत नाही. हाताने पाजण्याचा उद्देश पिल्लाला थोडी ताकद देऊन स्वतः सड ओढायला लावणे हा आहे. म्हणून पाजल्यावर ते लगेच सडाजवळ ठेवावे.

६. मादीचा चीक मिळतच नसेल, तर त्याच फार्मवर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या मादीचा चीक द्यावा. तोही नसेल तर गाईचा चीक चालतो. त्यातून ऊर्जा आणि आतड्याला काही संरक्षण मिळते. मात्र गाईच्या चिकात वराहाच्या आजारांविरुद्धची नेमकी प्रतिपिंडे नसतात, म्हणून तो पूर्ण पर्याय नव्हे. गोठवलेला चीक कोमट पाण्यात भांडे ठेवून वितळवावा. उकळू नये, कारण उकळल्याने प्रतिपिंडे नष्ट होतात. दुसऱ्या फार्मवरून वराहाचा चीक आणू नये, त्यातून आजार येऊ शकतो.

७. ग्लुकोजच्या पाण्याने पोट भरू नये. त्यातून तात्पुरती ऊर्जा मिळते, पण प्रतिपिंडे मिळत नाहीत. आधी चीक, मग इतर सगळे.

८. जन्मतः आणि २४ तासांनी वजन करावे. पिशवीत पिल्लू ठेवून छोट्या स्प्रिंग काट्यावर वजन घेता येते. वजन वाढले नसेल किंवा घटले असेल, तर त्याला चीक पुरेसा मिळालेला नाही असे समजून त्याच्यावर विशेष लक्ष ठेवावे.

दुसऱ्या मादीकडे पिल्लू सोडताना

दोन-तीन माद्या जवळपास एकाच वेळी व्यायला असतील, तर पिल्लांची अदलाबदल करता येते. मात्र घाई करू नका. चिकातून प्रतिपिंडांबरोबर आईच्या जिवंत रोगप्रतिकारक पेशीही पिल्लात जातात, आणि त्या स्वतःच्याच आईच्या चिकातून शोषल्या जातात. म्हणून किमान पहिले १२ तास पिल्लाला आईजवळच पिऊ द्यावे. त्यानंतर, पण २४ ते ४८ तासांच्या आत हलवावे. तोपर्यंत पिल्लांची सडांवरची जागा पक्की झालेली नसते.

- लहान पिल्ले एकत्र करून बारीक, खाली असलेल्या सडांच्या शांत मादीकडे द्यावीत. दुसऱ्या वेताची मादी त्यासाठी चांगली.
- शक्यतो सशक्त पिल्ले हलवावीत, अशक्त आईजवळ ठेवावीत.
- कार्यक्षम सडांपेक्षा जास्त पिल्ले ठेवू नयेत. न ओढलेला सड दोन-तीन दिवसांत आटतो.
- हगवण लागलेल्या वेतातले पिल्लू दुसऱ्या वेतात सोडू नये.

पहिल्या तीन आठवड्यांतील काळजी

लोह : पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या अंगात सुमारे ५० मिलिग्रॅम लोह असते. रोजची गरज ७ ते १० मिलिग्रॅम, आणि आईच्या दुधातून मिळते जेमतेम १ मिलिग्रॅम. म्हणून सिमेंटच्या फरशीवर वाढणाऱ्या पिल्लाला आठवड्यातच रक्तक्षय होतो. रक्तक्षय झालेले पिल्लू आजाराला लवकर बळी पडते. साधारणपणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोहाचे इंजेक्शन देतात. सर्वसाधारण पिल्लाची एकूण मात्रा २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. वाढ खुंटलेल्या पिल्लाला तीच मात्रा एकदम द्यायची की विभागून, हे पशुवैद्यकाला विचारून ठरवावे. जास्त झालेले मोकळे लोह जंतूंच्याही उपयोगी पडते. पिल्लू नीट पीत नसेल तर एक-दोन दिवस थांबलेले बरे.

इतर कामे : दात घासणे, शेपूट कापणे, खच्चीकरण ही कामे अशक्त पिल्लांत लांबणीवर टाकावीत. जखम म्हणजे जंतूंना उघडे दार.

स्वच्छता : ज्याची फौज लहान, त्याच्यावर जंतूंचा मारा कमी व्हायला हवा. प्रसूतीची जागा आधी धुऊन, जंतुनाशक मारून, पूर्ण कोरडी करून मग मादी आत घ्यावी. मादीची कास आणि मागचा भाग कोमट पाण्याने धुवावा. आधी निरोगी पिल्ले हाताळावीत, शेवटी आजारी.

प्रतिजैविके : अशक्त पिल्लांना ‘खबरदारी म्हणून’ प्रतिजैविक टोचण्याची सवय दिसते. चिकाची उणीव प्रतिजैविक भरून काढत नाही. उलट आतड्यातील चांगल्या जिवाणूंचा नाश होतो आणि औषधांना न जुमानणारे जंतू फार्मवर टिकून राहतात. आजाराचे निदान झाल्यावर, पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे.

दूध तोडताना

आईकडून आलेली प्रतिपिंडे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत बरीच ओसरतात आणि पिल्लाची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती अजून पूर्ण तयार झालेली नसते. हा मधला काळ धोक्याचा. नेमके याच वेळी दूध तोडले, जागा बदलली आणि अनोळखी पिल्ले मिसळली, तर वाढ खुंटलेल्या पिल्लाला ते झेपत नाही.

- १० ते १४ दिवसांच्या वयापासून पिल्लांचे खाद्य थोडे-थोडे, ताजे, उथळ थाळीत ठेवावे. त्यात २० ते २२ टक्के पचनास सोपी प्रथिने असावीत.
- दूध तोडताना तारखेपेक्षा वजन पाहावे. लहान पिल्ले एक-दोन आठवडे जास्त आईजवळ ठेवावीत.
- दूध तोडल्यानंतर मादी बाजूला करावी आणि पिल्ले काही दिवस त्याच जागी ठेवावीत.
- खाद्य एकदम बदलू नये. पहिल्या दिवसांत ओलसर भरडा, थोडा आणि वारंवार द्यावा. स्वच्छ पाणी सतत हवे.
- ‘मागे पडले आहे, म्हणून भरपूर खाऊ घालू’ असे करू नये. स्नायूतंतूंची संख्या जन्माआधीच ठरते. या पिल्लात तंतू कमी असल्याने जादा खाद्याचे रूपांतर मांसापेक्षा चरबीत जास्त होते.

लसीकरणाचे नियोजन

आईची प्रतिपिंडे रक्तात जास्त असतील तर लस नीट लागू होत नाही, आणि फार उशीर केला तर पिल्लू उघड्यावर पडते. ज्या पिल्लाला चीक कमी मिळाला त्याची प्रतिपिंडे लवकर ओसरतात, म्हणजे एकाच वेतात हा काळ वेगवेगळा असू शकतो. क्लासिकल स्वाइन फीवरची लस पिल्लांना साधारण दोन महिन्यांच्या सुमारास देतात. आपल्या भागातील वेळापत्रक आणि बूस्टर पशुवैद्यकीय दवाखान्यातून ठरवून घ्यावा. ताप, हगवण असलेल्या किंवा अगदी अशक्त पिल्लाला लस पुढे ढकलावी, पण नोंद ठेवून ती नंतर नक्की द्यावी. वगळलेली पिल्लेच पुढे कळपात आजार टिकवून ठेवतात.

आफ्रिकन स्वाइन फीवर भारतात २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात प्रथम आढळला. त्यावर आपल्याकडे वापरात असलेली लस नाही. तेथे जैवसुरक्षा हाच उपाय : बाहेरचे वराह, वाहने, पाहुणे आणि न उकळलेले उरलेले अन्न यांना फार्मवर मज्जाव.

एकाच वेतात अनेक अशक्त पिल्ले? आजाराचा संशय घ्या

एखाद-दुसरे लहान पिल्लू गर्दीमुळे जन्मू शकते. पण एका वेतात अर्धी पिल्ले अशक्त, काही मेलेली, काही सुकून काळी पडलेली, आणि असे दोन-तीन माद्यांत घडले, तर कारण वेगळे असू शकते. गर्भाची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती सुमारे ७० व्या दिवसापासून काम करू लागते. त्याआधी पार्व्होव्हायरसची लागण झाली तर गर्भ मरून सुकतो. त्यानंतर झाली तर तो बहुधा तग धरतो. म्हणून एकाच वेतात वेगवेगळ्या आकाराचे सुकलेले गर्भ दिसतात. पीआरआरएस हा विषाणू गाभणकाळाच्या शेवटी वार ओलांडतो आणि अशक्त पिल्ले जन्मतात. भारतात त्याचा उद्रेक २०१३ मध्ये मिझोराममध्ये नोंदला गेला. क्लासिकल स्वाइन फीवरची लागण गर्भात झालेले पिल्लू तर जिवंत जन्मून आयुष्यभर विषाणू बाहेर टाकत राहू शकते.

अशा वेळी मेलेली पिल्ले आणि वार फेकून देऊ नयेत. ती प्लॅस्टिक पिशवीत, बर्फात ठेवून पशुवैद्यकाला तपासणीसाठी द्यावीत. इतर जनावरे, कुत्री त्यांच्यापर्यंत पोहोचू देऊ नयेत.

प्रतिबंध : गाभण मादीपासून सुरुवात

- मादी आठ महिन्यांची आणि पुरेशा वजनाची झाल्यावर, दुसऱ्या किंवा तिसऱ्या माजाला भरवावी.
- गाभण मादी लठ्ठही नको, हाडे दिसणारीही नको. कण्यावर, खुब्यावर हात दाबल्यावर हाड लागावे, नुसते पाहून दिसू नये.
- रोज साधारण २ ते २.५ किलो संतुलित खाद्य द्यावे. शेवटच्या महिन्यात मादीची अंगलट पाहून अर्धा किलोपर्यंत वाढवावे. मका भरडा, कोंडा यांच्या जोडीला सोयाबीन किंवा शेंगदाणा पेंड, मासळी कुटी आणि खनिज मिश्रण असावे.
- हॉटेलचे अन्न वापरत असाल तर चांगले उकळून, थंड करून द्यावे. त्यावरच पूर्ण अवलंबून राहू नये.
- बुरशीचा वास येणारा मका, पेंड गाभण मादीला अजिबात देऊ नये.
- उन्हाळ्यात सावली, हवा खेळती, दुपारी अंगावर पाण्याचे फवारे आणि थंड पिण्याचे पाणी असावे. खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्यावे.
- प्रसूतीच्या तीन-चार आठवडे आधी मादी त्याच फार्मवर, त्याच परिसरात असावी. तेथील जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे तिच्या चिकात उतरायला तेवढा वेळ लागतो. विण्याच्या तोंडावर विकत आणलेल्या मादीच्या चिकात तुमच्या फार्मच्या जंतूंविरुद्धची ताकद कमी असते.
- जंतनाशक आणि गाभणकाळातील लसी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळेत द्याव्यात.

कोणते पिल्लू वाचवायचे, कोणते ठेवायचे?

सगळी पिल्ले वाचत नाहीत, हे मान्य करून नियोजन केलेले बरे. ज्याला एखाद-दुसरे लक्षण आहे, जे उभे राहते आणि तोंडात बोट घातल्यावर ओढते, त्याच्यावर घेतलेले कष्ट बहुधा वाया जात नाहीत. ज्याचे डोके ठळक फुगीर, वजन ६००-७०० ग्रॅमपेक्षा कमी (मोठ्या जातींत), आणि ऊब व चीक देऊनही काही तासांत जे ओढत नाही, त्याची आशा थोडी असते. ते तडफडत असेल तर पुढे काय करायचे हे पशुवैद्यकाशी बोलून ठरवावे. त्याच्यामागे लागून बाकीच्या मध्यम पिल्लांचा चीक चुकवू नये.

वाचलेले, पण वाढ खुंटलेले मादी पिल्लू पैदाशीसाठी ठेवू नये. जन्मतः फार कमी वजनाच्या माद्या कळपात कमी काळ टिकतात. ती मांसासाठी वाढवावीत आणि बाजाराच्या वजनाला यायला काही आठवडे जास्त लागतील, हे गृहीत धरावे.

नोंदवहीत एवढे लिहा

मादीचा क्रमांक, वेत, भरवल्याची आणि विण्याची तारीख, जिवंत-मेलेली-सुकलेली पिल्ले, प्रत्येकाचे जन्मवजन, २४ तासांचे वजन, डोक्याची लक्षणे, दूध तोडतानाचे वजन आणि मरतुकीचा दिवस. तीन-चार वेतांनंतर तुम्हालाच दिसेल की मरतूक उन्हाळ्यात जास्त आहे, पहिलारू माद्यांत आहे, की एकाच मादीत वारंवार आहे. पहिल्या बाबतीत शेडचा गारवा सुधारावा, दुसऱ्या बाबतीत भरवण्याचे वय, आणि तिसऱ्या बाबतीत ती मादी कळपातून काढण्याचा विचार करावा.

थोडक्यात महत्त्वाचे

- वाढ खुंटलेल्या पिल्लाची पहिली गरज ऊब, दुसरी चीक. औषधाचा क्रमांक त्यानंतर.
- पहिल्या सहा तासांतला चीक सर्वांत मोलाचा. पहिल्या दिवसात किमान २०० ग्रॅम पोटात जायला हवा.
- सशक्त पिल्ले तासभर वेगळी ठेवून अशक्तांना पाजणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.
- पहिल्या १२ तासांत पिल्लू दुसऱ्या मादीकडे हलवू नये.
- एका वेतात अनेक अशक्त आणि सुकलेली पिल्ले दिसल्यास लगेच तपासणी करून घ्यावी.
- पुढच्या वेतातील पिल्लांची ताकद आज गाभण असलेल्या मादीच्या खाद्यावर, गारव्यावर आणि आरोग्यावर ठरते.